कडकबाईंच्या टाचण्या

थिएटरच्या कपडेपटात कडकबाईंचं राज्य होतं. रंगमंचावर राजे येत आणि जात, पण शिवणयंत्रापुढचं ते डुगडुगणारं स्टूल बाईंशिवाय कोणाच्या वाट्याला कधी आलं नाही. नट त्यांना पाठीमागे ‘कडक इस्त्री’ म्हणत आणि तोंडावर ‘कडकबाई’. बाईंना दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्ही आवडायचं.

त्यांचा कायदा एकच. स्वतःच्या कपड्यात कोणी रंगमंचावर पाऊल ठेवायचं नाही. जे घालायचं ते कपडेपटातून घ्यायचं आणि खेळ संपला की परत आणून टांगायचं. एकदा एका बड्या नटाने घरून जरीचा कोट आणला, कारण कपडेपटातला म्हणे भिकार होता. तिसरी घंटा होत असताना बाईंनी विंगेतच तो त्याच्या अंगावरून सोलून काढला.

"आता जा तसाच!"

गृहस्थ बनियनवर उभा! शेवटी तो भिकार कोटच चढवून गेला आणि काय टाळ्या घेतल्या त्याने! परत आला तो बाईंच्या पाया पडायला. बाईंनी पायाऐवजी हँगर पुढे केलं.

आणि त्या टाचण्या! बाईंच्या ओठांत त्या कायम धरलेल्या असत. बोलायचं असलं की तळहातावर थुंकायच्या. बोलायचं नसलं की तशाच ठेवायच्या. आज वादळ आहे की नाही, हे नट त्यावरून ओळखत.

त्या दुपारी टाचण्या ओठांतच होत्या. बाई एका सरदाराच्या कॉलरला इस्त्री करत होत्या, आणि दारातून आवाज आला, "ताई."

बाईंनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते झग्याकडे. मूळचा पांढरा, आता तपकिरी रंगवलेला, बाह्या कापून आखूड केलेला. पण खांद्याची बेतणी काही रंगाने लपत नाही. तो झगा बाईंनी स्वतःच्या लग्नासाठी शिवला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी धाकटी बहीण तो घेऊन पळाली होती, आणि झग्याबरोबर नवरदेवही. नवरदेव म्हणजे थिएटरचा सुतार. सेट ठोकायला पक्का, शब्दाला कच्चा.

बाईंनी टाचण्या थुंकल्या. "तो कुठाय?"

"गेला. या हिवाळ्यात."

"बरं झालं. आणि माझा झगा घालून माझ्याच दारात यायला लाज नाही वाटली?"

"वाटली ना. पण दुसरं धड कापड नाही. तू शिवलेलं टिकतं."

"गोड बोलू नकोस. काय हवंय?"

"रविवारी प्रभुभोजनाला बसायचंय. आपल्या मंडळीत."

बाई हसल्या. इस्त्रीखालची कॉलर करपायला आली तरी हसत राहिल्या.

चर्चच्या त्या मंडळीचा जुना नियम होता. कोणाचं घर मोडलं म्हणून ज्याला बाहेर काढलं, त्याला पुन्हा प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर मोडायच्या, मेजापाशी यायचं असेल तर त्याने सगळ्यांसमोर उभं राहायचं. ज्याचं घर मोडलं त्याने उठून त्याच्या शेजारी उभं राहायचं. बोलायची गरज नाही. पण तो उठला नाही, तर समोरच्याने दाराबाहेर जायचं, आणि पुन्हा विचारायचं नाही. धाकटीला बाहेर काढलं तेव्हा हा नियम बाईंनीच मोठ्याने वाचून दाखवला होता.

"मी उठेन असं वाटतं तुला?"

"नाही वाटत. पण दुसऱ्या कोणाचं घर मोडलं नाही मी, म्हणून तुझ्याकडेच यावं लागलं."

"आधी पश्चात्ताप कर. रड जरा!"

"रडून झालंय, ताई. तुला दाखवायला पुन्हा रडू? नटी तू सांभाळतेस, मी नाही." धाकटीने टांगलेल्या राजवस्त्रावरून हात फिरवला. "हे घालणारा परवा प्यायलेला होता ना? गल्लीभर सांगत होते. त्याला विचारलंस, राजा व्हायची तुझी लायकी आहे का म्हणून?"

"हात काढ त्याच्यावरचा! ते नाटक आहे."

"म्हणजे लायकी न विचारता नाटकात मिळतं, देवाघरी मिळत नाही."

"मिळतं हं, फुकट मिळतं!" बाईंचा आवाज प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला असता. "आणि खेळ संपला की त्याचा घाम कोण धुतं? काखेतले डाग कोण घासतं? तुम्ही झगे घालून मिरवायचं आणि धुणं माझ्या वाट्याला! चल, नीघ!"

धाकटी निघाली. दारात झग्याचा काठ खिळ्याला अडकला, चर्रकन आवाज झाला. बाईंनी इस्त्री उचलली. सरदाराची कॉलर जळली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी चर्चचे पाळकसाहेब आले. भला माणूस, पण कपडेपटात डांबराच्या गोळ्यांनी शिंका येऊन येऊन त्याचं अर्धं वजन गेलं.

"बाई, नियमशास्त्र देवानेच दिलं. पण त्यानं माणूस फक्त दोषी ठरतो. तारते ती..."

"कृपा. माहितेय मला. लहानपणापासून पाठ आहे."

"मग?"

"मग काय! कृपा करणारा वर बसलाय, त्याचं काय जातं? नवरा माझा गेला. शिवलेला झगा माझा गेला. लोकांच्या नजरा मी झेलल्या. ज्याचं काही गेलं नाही त्याने माफी वाटत फिरावं, हे मला पटत नाही."

"त्याचं काहीच गेलं नाही, असं म्हणता?" पाळकांनी रुमाल नाकाला लावला. "बाई, मेजावर आपण काय ठेवतो? भाकर, म्हणजे त्याचंच मोडलेलं शरीर. डाग कोणीतरी धुतलेत, ते सुद्धा स्वतःच्या रक्ता..." आणि इतक्यात मोठी शिंक!

"मग त्यालाच उभं करा तिच्या शेजारी," बाई म्हणाल्या आणि टाचण्या ओठांत ठेवल्या. पाळकांनी ओळखलं. ते गेले.

रविवारी बाई नेहमीच्या बाकावर बसल्या, मधल्या वाटेच्या कडेला. टाचण्यांची गादी नेहमीप्रमाणे मनगटावर. धाकटी पुढे एकटी उभी होती, मंडळीकडे तोंड करून, त्याच तपकिरी झग्यात. पाळकांनी नियम सांगितला. मग शांतता. नाटकात अशी शांतता पडली की कोणीतरी वाक्य विसरलेलं असतं.

बाई उठल्या नाहीत. त्यांनी ठरवलंच होतं. त्या तिच्या तोंडाकडे पाहणारही नव्हत्या, म्हणून खाली पाहत होत्या. आणि खाली झग्याची तुरपाई लोंबत होती.

खिळ्याने सुरुवात केली होती, आता अर्धा घेर सुटला होता. आतला पांढरा काठ दिसत होता, रंग न पोचलेला. त्या काठावर बाईंचे स्वतःचे टाके होते, लग्नाच्या आदल्या आठवड्यात घातलेले. सगळ्या मंडळीसमोर त्यांची शिवण उसवून लोळत होती, आणि धाकटीने एक पाऊल टाकलं असतं तर त्यात पाय अडकून ती तोंडावर पडली असती.

बाईंच्या आयुष्यात असं उसवलेल्या कपड्यात माणूस लोकांसमोर कधी उभं राहिलं नव्हतं. हात मनगटाकडे गेला. टाचण्या ओठांत आल्या. आणि कडकबाई उठल्या.

मागून कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. बाईंना ऐकू आलं नाही. विंगेत धावत तशा त्या मधल्या वाटेने गेल्या, धाकटीच्या पायाशी गुडघ्यावर बसल्या आणि काठ दुमडायला लागल्या.

"ताई," धाकटी कुजबुजली, "काय करतेस?"

"हलू नकोस, गाढवे," बाई टाचण्यांमधून म्हणाल्या. "कोणी धुतला हा झगा? आटवून टाकलास नुसता."

"मीच धुतला."

"ते दिसतंय."

शेवटची जागा टाचून झाली तेव्हा बाईंनी मान वर केली. सगळी मंडळी त्यांच्याकडे पाहत होती. कोणाचे डोळे भरलेले, कोणाचं तोंड उघडं. तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं की त्या कुठे आहेत.

पाळक एक पाऊल पुढे आले. "बाई, तुम्ही हिच्यासाठी उठलात?"

उत्तर अगदी सोपं होतं. टाचण्या तळहातावर थुंकायच्या आणि खरं सांगायचं: मी झग्यासाठी उठले. मग बाकावर जाऊन बसायचं. धाकटीलाही ते कळत होतं. तिने दाराकडे पाहिलं, जायच्या तयारीने.

बाईंचा राग कुठेही गेला नव्हता. तो जसाच्या तसा छातीत होता, इस्त्रीसारखा तापलेला. त्यांनी एक हात जमिनीला टेकला. गुडघे कुरकुरले. त्या उभ्या राहिल्या, बाकाकडे पाहिलं, आणि मंडळीकडे तोंड केलं. धाकटीच्या शेजारी.

ओठांत टाचण्या तशाच होत्या.

पाळकांनी भाकर उचलली. धाकटीला हुंदका आला, सगळं अंग हललं, आणि टाचणी घोट्याला टोचली.

"आई गं!"

"म्हटलं होतं ना, हलू नकोस," बाई ओठ न उघडता म्हणाल्या. "आणि उद्या तो झगा परत आणून टांग. धुऊन नको आणूस. मी बघते."