निकिफोर काकांचा कान

आमच्या गल्लीत डॉक्टर नाही, वकील नाही, पण कान आहे. निकिफोर काकांचा. हिवाळ्यात सकाळी कोणाची गाडी रेकली, कण्हली, नाहीतर तिच्या पोटात कोणी हातोडी घेऊन बसल्यासारखी ठोकायला लागली, की सायबेरियातल्या याकुत्स्कच्या या टोकाची माणसं मेकॅनिककडे जात नाहीत. मेकॅनिक पैसे घेतो आणि गाडी दुरुस्त करतो. काका यातलं काहीच करत नाहीत, तरी आधी त्यांच्याकडे जायचं अशी रीत आहे.

आता उणे पन्नासात गाडी गुपचूप सुरू व्हावी ही अपेक्षाच चूक. इंजिनातलं तेल थिजून लोणी झालेलं असतं. स्टार्टर उठू की नको करत बसतो. स्टिअरिंग वळवावं तर पुढून गाय हंबरते. रात्रभर एका जागी उभे राहून टायर खालून चपटे झालेले असतात, त्यामुळे बाजार येईपर्यंत आपण चौकोनी चाकांवर धडधडत जातो, आणि खालची सीट म्हणजे निव्वळ फळी. यातला कुठला आवाज रोजचा आणि कुठला खर्चाचा, हे कळायला कान लागतो, असं काकांचं म्हणणं. आणि तसा कान देवाने एकालाच दिला, असंही त्यांचंच म्हणणं.

काकांची तपासणीची पद्धत मोठी शास्त्रशुद्ध होती. ते यायचे, फरच्या टोपीचा एक कानपट्टा वर करायचे आणि इंजिनावर वाकून डोळे मिटायचे. मग सरळ होऊन मालकाला म्हणायचे, "तोंडावरचा मफलर काढ. आणि आवाज करून दाखव."

"काका, गाडी चालूच आहे की. ऐका ना."

"इंजिन खोटं बोलतं. मालक बोलत नाही. करून दाखव."

मग मालकाने उणे पन्नासात नाक उघडं टाकून काकांसमोर गाडीचा आवाज काढायचा. मी शाळेत हिशेबनीस आहे, दोन मुलांची आई आहे, पण गेल्या हिवाळ्यात मी भर रस्त्यात उभी राहून हंबरले आहे. काका माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. "शेवटी जरा किंचाळल्यासारखं होतं का? मग ते पण कर, पोरी. लाजू नकोस." मी किंचाळले. समोरच्या घराचे पडदे सरकले. काकांनी मान डोलावली आणि निदान सांगितलं, "पट्टा."

निदान नेहमी पट्टाच असायचं. इंजिनाच्या तोंडाशी फिरणारा तो रबरी पट्टा थंडीत कडक होतो आणि घसरला की किंचाळतो, हे खरं. त्यामुळे दहातल्या चार वेळा काका बरोबर ठरायचे आणि त्या चार वेळांवर वर्षभर भाव खायचे. माझा शेजारी ऐसेन याच्या गाडीचा सायलेन्सर गळून रस्त्यावर पडला होता, हातात घेऊनच तो आला होता, तेव्हाही काकांनी पट्टाच सांगितला.

सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे थंडीत गोठलेली गाडी सुरू करण्याची वेळ काकांवर कधी आलीच नव्हती. त्यांची पांढरी जपानी गाडी ऑक्टोबरात सुरू व्हायची ती एप्रिलात बंद. मधल्या काळात ती रजई पांघरून खिडकीखाली दिवसरात्र गुरगुरत असायची. आमच्याकडे बरेच जण असं करतात, पण बाकीचे त्यावर व्याख्यानं देत नाहीत. लग्न न केलेल्या माणसाने दुसऱ्यांचे संसार सावरावेत, त्यातलाच हा प्रकार.

शिवाय काका गाडीला जेवू घालायचे. घरात धिरडी झाली की पहिला तुकडा अग्नीचा मान म्हणून चुलीत टाकायचा, ही आमच्याकडची रीत, ती आम्ही सगळेच पाळतो. काका दुसरा तुकडा घेऊन बाहेर यायचे, बॉनेट उघडायचे आणि तापलेल्या इंजिनावर ठेवायचे. "आत जळतंय ते काय आहे? आगच ना? मग तिने उपाशी राहायचं?" गल्लीभर जळक्या लोण्याचा वास सुटायचा आणि ऐसेनचा कुत्रा त्या बॉनेटसमोर तासन्‌तास तपश्चर्येला बसायचा.

काकांनी उभी हयात लेना नदीच्या बर्फावरून लाकडं ओढणारा ट्रॅक्टर चालवला. त्या ट्रॅक्टरला सायलेन्सर नव्हता. काकांनीच काढून टाकला होता, इंजिनाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. आता पेन्शन आहे, मुलगे दूर दक्षिणेला आहेत आणि घरात अकुलिना काकू आहेत. काकूंचा आवाज हा आमच्या गल्लीचा दुसरा चमत्कार. त्या नवऱ्याला "चहा घ्या" म्हणाल्या की चार घरांत लोक कप शोधायला लागतात. आम्ही म्हणायचो, बिचारे काका, घरातलं हे इंजिन काही बंद करता येत नाही.

सकाळी कोणी दार वाजवलं नाही तर काका खिडकीशी येरझारा घालायचे, आणि वाजवलं की मुद्दाम उशिरा उघडायचे, फार कामात असल्यासारखे. दुसरं काही काम त्यांना नव्हतंच. आम्हीही ते जाणून होतो, म्हणून तर हंबरत होतो.

तर हे काका नव्या वर्षाच्या आधी मासळी आणायला बाजारात गेले. त्या दिवशी धुकं असं होतं की स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. बाजाराबाहेर गाड्यांची रांग, सगळ्या चालू, सगळ्या बर्फाने पांढऱ्या. तिथे कोणी इंजिन बंद करत नाही, आणि दोन मिनिटांच्या कामाला कोणी कुलूपही लावत नाही. काकांनी लाकडासारखा गोठलेला मोठा मासा काखेत घेतला, गाडीचं दार उघडलं, मासा शेजारी ठेवला आणि गाडी घेऊन घरी आले.

गाडी दुसऱ्याची होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मागच्या सीटवर फरच्या कोटात गुंडाळलेली एक आजीबाई होती. काका गल्लीत उतरले, मासा काढला, आणि मागचं दार आपोआप उघडून आतून एक काठी बाहेर आली. काठीमागून आजी.

मी तेव्हा माझ्या गाडीवरचं बर्फ खरवडत होते. आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "ए पोरी, पोलिसांना बोलव. या माणसाने मला पळवलंय!"

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग हातातल्या माशाकडे. "आजी, तुम्ही माझ्या गाडीत कशा?"

"तुझ्या गाडीत? मेल्या, जावयाची गाडी आहे माझ्या! पुलापासून ओरडतेय मी, कोण तू, कुठे नेतोयस! काठीने पाठीत ढोसलं तुला, तर म्हणे 'रस्ता खराब आहे'!"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पापण्यांवरच गोठलं. ऐसेन बाहेर आला, बाकीची गल्ली आली. काकूंनी आजीला घरात नेलं आणि धिरड्यांवर साय घालून पुढ्यात ठेवली. आजीने जावयाला फोन लावला. "होय रे, पळवलंय. नाही, घाई नको करू, गरम गरम वाढतायत."

जावई टॅक्सीने आला आणि दारातच काकांच्या गाडीची किल्ली भिरकावली. "ही घ्या तुमची! माझ्या गाडीशेजारी ही एकटीच उरली होती, चोर परत येऊन हीपण नेईल म्हणून किल्ली काढून आणली."

उणे पन्नासात चालू गाडीची किल्ली काढायची म्हणजे तिचा जीवच घ्यायचा. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आम्ही दोर घेऊन गेलो आणि गाडी ओढत आणली, तेव्हा तिची चाकंसुद्धा फिरायला तयार नव्हती. दरवाजा उघडला तर जुन्या पेटाऱ्यासारखा करकरला.

आणि ऐसेनची जीभ तर कधीच गोठत नाही. काकांच्या समोर उभा राहून तो म्हणाला, "काय काका, शंभर गाड्यांत माझी ओळखतो, म्हणत होतात ना? आवाज ओळखीचा वाटला नाही वाटतं?"

काकांनी गोठलेल्या बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "उद्या हिला मी माझ्या कानाने उठवतो. नाही जमलं तर पुन्हा कोणाच्या गाडीपाशी उभा राहणार नाही. माझं दार वाजवू नका."

ऐसेन हसला, पण त्यालाही आपण जरा जास्तच बोललो असं वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी पाठीवर झोपून गाडीखाली स्टोव्हची ज्योत धरून राहिला होता तो तोच. तेल पातळ व्हायला हवं होतं. आम्ही रजया घातल्या, माझ्या गाडीची बॅटरी जोडली. गल्ली झाडून जमली होती. असा फुकटचा तमाशा हिवाळ्यात पुन्हा मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर काकांची फजिती बघायला मीही उत्सुक होते.

मला स्टिअरिंगपाशी बसवलं. काकांनी बॉनेट उघडलं, टोपीचा कानपट्टा वर केला, इंजिनावर वाकले, डोळे मिटले आणि हात उंच धरला. "कोणी आवाज करायचा नाही." मग हात खाली आला.

मी किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, थांबला, परत कण्हला. आत काहीतरी खडखडलं. मग धाडकन इंजिन पेटलं आणि अशी काही किंकाळी उठली की ऐसेनचा कुत्रा शेपूट घालून पळाला. लोकांनी टोप्यांवरून कान दाबले. गाडीतली काचसुद्धा थरथरत होती. पेटली! मी आनंदाने हॉर्न वाजवणार इतक्यात काका डोळे न उघडता म्हणाले,

"अगं, फिरव की किल्ली! या थंडीत किती वेळ वाट बघायची?"

कान त्यांचा इंजिनापासून वीतभर अंतरावर होता.

कोणी हसलं नाही. ऐसेन गाडीखालून अर्धा बाहेर आला होता, तो तसाच राहिला. मी बॉनेटच्या कडेने दिसणाऱ्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघत बसले. मला तो मफलर आठवला, जो काका प्रत्येकाला काढायला लावायचे. आमच्या ओठांवर खिळलेली त्यांची नजर आठवली.

दार उघडलं आणि अकुलिना काकू बाहेर आल्या. डोक्याला शाल नाही, पायांत घरातल्या सपाता. त्या सरळ काकांपाशी गेल्या, त्यांच्या हातातला फरचा मोजा ओढून काढला आणि आतल्या लोकरीच्या मोज्यासकट त्यांचा तळवा इंजिनावर ठेवला.

काकांनी डोळे उघडले. तळव्याखाली इंजिन थडथडत होतं. त्यांनी आधी हाताकडे पाहिलं, मग आमच्याकडे, एकेकाच्या तोंडाकडे. सगळ्यांनी मफलर वर ओढून घेतले होते.

"कधीपासून चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"आत्ता!" काकू ओरडल्या. किंकाळीच्या वरताण, त्यांच्या त्या चार घरांत ऐकू जाणाऱ्या आवाजात. "आत्ताच पेटली! या क्षणाला!"

इतकी वर्षं आम्ही त्या आवाजाची टिंगल करत होतो. तो आम्हाला ऐकवण्यासाठी नव्हताच.

काकांना बायकोचं खोटं कळलं असणार. त्यांनी हळूच मान हलवली. मी गाडीतून उतरले, त्यांच्यासमोर गेले, मफलर खाली ओढला आणि तोंड मोठं उघडून म्हटलं, "काका, काय झालंय हिला? सांगा ना."

"आवाज करून दाखव," काका म्हणाले. आवाज जरा घोगरा होता.

मी किंचाळले. माझ्यामागे ऐसेन किंचाळला, त्याच्यामागे पलीकडच्या घरातला म्हातारा ड्रायव्हर. काकांनी आमची तोंडं नीट पाहिली, तळवा इंजिनावरच ठेवला, आणि निदान सांगितलं.

"पट्टा."

या वेळी खरंच पट्टा होता.