रापणीचा दोर

पन्नासचं दशक सरत आलं होतं आणि मी सावंतवाडीच्या एका शाळेत मास्तर होतो. मी घाटावरचा. पस्तिशी गाठेपर्यंत समुद्र एकदाच पाहिलेला, तोही धक्क्यावरून, घाईत. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना याची फार कीव आली. एका शनिवारी सकाळची शाळा सुटताच त्यांनी मला मालवणच्या अलीकडच्या आपल्या गावी नेलं. आधी एसटी, मग तरीच्या होडीतून खाडी, मग माडांमधली पायवाट.

गाव म्हणजे किनाऱ्याला लागून वीस-पंचवीस घरं. घरांची तोंडं वाटेकडे आणि पाठ समुद्राकडे. एवढं वैभव परसात असून त्याच्याकडे कोणी बघत बसत नव्हतं, याचा मला चक्क रागच आला. मी मात्र दिवस मावळेपर्यंत वाळूत हिंडलो. मास्तरांच्या आईने, दर्यात तुमचं काही हरवलंय का, म्हणून मला छेडलं. मग बांगड्याचं तिखलं वाढलं. मी तीनदा भात मागून घेतला आणि अजिबात लाजलो नाही.

रविवारी सकाळी पेज पिऊन आम्ही किनाऱ्यावर गेलो, तर रापण लागली होती. होडीने लांबवर वळसा घालून जाळं टाकलं होतं आणि त्याचे दोन दोर दोन रांगा किनाऱ्यावरून ओढत होत्या. बाप्ये, बायका, सगळा गाव दोराला. हुकूम कोणाचाच नव्हता, तरी पावलं एकदम मागे पडत होती. कवायतीच्या तासाला घसा फोडून मला जे जमलं नव्हतं, ते इथे आपसूक चाललं होतं. मी थक्क झालो.

आमच्या बाजूच्या दोराच्या शेवटाला एक म्हातारा होता. त्याचा उजवा हात लुळा होता. डाव्या हाताने दोर कमरेशी दाबून तो ओढत होता आणि त्याला धाप लागली होती. झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला. आजोबा, तुम्ही बसा, मी ओढतो, असं म्हणून मी त्याच्या हातातला दोर काढून घेतला. तो वाळूत जाऊन बसला. मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

जाळं काठाला लागलं. रापणीच्या म्होरक्याने, म्हणजे तांडेलाने, मासळीचे वाटे घातले. एक वाटा माझ्याही पुढ्यात आला. म्हाताऱ्यापुढे काहीच नाही. मी चित्रकलेच्या मास्तरांना कारण विचारलं, तेव्हा त्यांनी खाली बघत सांगितलं, की रापण संपताना ज्याचा हात दोराला, वाटा त्याचा. हात लुळा पडल्यापासून शेजारी म्हाताऱ्याला मासळी देऊ करायचे, तो परत पाठवायचा. घरात नवराबायको दोघंच. एका हाताने का होईना, दोर ओढून तो आपला वाटा घेऊन जायचा. आणि मी पाहुणा, म्हणून मला कोणी अडवलं नव्हतं.

माझी कानशिलं तापली. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मी माझा वाटा उचलून त्याच्यापुढे नेऊन ठेवला. त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"माका धर्माचा नको," तो म्हणाला.

टोपल्या भरून निघालेल्या बायका जागच्या जागी थांबल्या. तांडेलाने हात पुसले आणि म्हाताऱ्याकडे न बघता सगळ्यांना विचारलं, "दोर अजून वाळूत आसा. तो गुंडाळल्याबिगर रापण संपली खंय?"

मग त्याने आपला वाटा परत जाळ्यावर टाकला. त्याच्यामागून एकेका बाईने टोपली ओतली. कोणी कुरकुरलं नाही, की माझ्याकडे डोळे वटारून बघितलं नाही. दोर गुंडाळल्यावर नव्याने वाटणी व्हावी म्हणून घेतलेले वाटे सगळ्या गावाने एका माणसासाठी परत केले. माणसांबद्दल मला इतका आदर त्याआधी क्वचितच वाटला असेल.

म्हातारा उठला. दोराचं टोक पायाखाली धरून डाव्या हाताने तो एकेक वेढा घालू लागला. मी शहाण्यासारखा बाजूला उभा राहिलो. चार-पाच वेढे झाल्यावर त्याने मान वर केली आणि पुढचा ओला दोर माझ्याकडे सरकवला.

"धरा, मास्तरांनू," तो म्हणाला. "पण माका बस म्हणू नकात."