मायच्या कातडीचं औषध

मायला गजकर्ण झालं होतं आणि मी औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात गजकर्णाच्याच मलमावर काम करत होते. दीड वर्ष आम्हा दोघींना एकमेकींचं काहीच ठाऊक नव्हतं.

कामरगावजवळ आमचा भाजीचा मळा. माय दिवसभर ओल्या वाफ्यांत, ओल्या लुगड्यात. कंबरेला चट्टे उठले ते तिनं लाजेपोटी लपवले. कुणीतरी सांगितलेली ट्यूब आणून लावत राहिली. खाज दोन दिवसांत थांबायची, ट्यूब संपली की दुपटीनं यायची. त्यात स्टेरॉइड होतं; ते खाज दाबतं, पण गजकर्णाची बुरशी वाढवतं आणि कातडी पातळ करतं. मला कळलं तोवर चट्टे मनगटापर्यंत आले होते आणि कातडी इतकी पातळ झाली होती, की बांगडी घासली तरी रक्त यायचं. बाजारात एका बाईनं तिच्या हातची मेथीची जुडी परत टाकली, तेव्हापासून ती बाजारात बसेनाशी झाली.

सुट्टीत घरी गेले तेव्हा तिला धीर यावा म्हणून मी माझं काम सांगितलं. साधं मलम कातडीच्या वरच राहतं. आम्ही औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरतो. कातडीच्या पेशींच्या मधेही चरबीच असते, त्यामुळे ते कण औषध खोलवर नेतात. खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या कानाच्या कातडीतून ते छान उतरलं होतं.

आठ दिवसांनी माय कॉलेजच्या फाटकाशी उभी. एकटी, दोन एसट्या बदलून आलेली.

"मले थोडं दे ते."

"माय, ते माणसाले लावलं नाही अजून. काही झालं तर?"

"आता काय व्हाचं राह्यलं? रोज आग होऊन राह्यली अंगाची." ती पायरीवर बसली. "बोकडाच्या कातडीले देतं, मायच्या कातडीले नाही?"

मी वर प्रयोगशाळेत गेले. फ्रिज उघडून बाटली हातात घेतली. जिन्यापर्यंत आणली. तिथून मागे फिरले. बाटली परत ठेवली आणि रिकाम्या हातानं खाली आले. मायनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला.

त्याच दिवशी तिला वाशिमला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, काही महिने न चुकता घ्यायच्या म्हणाल्या आणि विचारलं, "घरात अजून कुणाला आहे?" मायनं मान खाली घातली.

बाबांना होतं. तिच्याही आधीपासून.

बाबांशी असलं बोलायची आमच्या घरात रीतच नाही. तरी अंगणात उभी राहून बोलले, "बाबा, तुमच्यापासूनच तिले पुन्हा पुन्हा होऊन राह्यलं. गोळ्या तुमाले बी घ्या लागतीन."

"माणसाले होतच असते," म्हणून ते मळ्यात निघून गेले. महिनाभर त्यांनी गोळीला हात लावला नाही आणि महिनाभर मायचे चट्टे गेले तिथंच परत उठले. शेवटी मायनं त्यांच्यासमोर पदर बाजूला करून पोट दाखवलं. त्यांनी पाहिलं. मग गोळीसाठी पाणी मागितलं.

खाज आता गेली आहे. त्या ट्यूबनं पोटावर पडलेल्या जांभळ्या भेगा मात्र जाणार नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या बाटलीतले कण तिसऱ्या महिन्यात एकमेकांना चिकटून गोळा झाले, औषध वाया गेलं. ते मी मायला सांगितलं नाही, तिनंही कधी विचारलं नाही. ती अजून बाजारात बसत नाही. जुड्या बांधते आणि बाजाराला जाणाऱ्या जीपमध्ये ठेवून देते.