कुठवर आलास?

ग्रीसच्या डोंगरातल्या आमच्या कार्पेनिसीत आज जो कोणी गाडी चालवतो, त्याने कधी ना कधी थ्रासो मास्तरांची बोलणी खाल्लेली आहेत. पाद्री असो की डॉक्टर, गाडी शिकायची ती मास्तरांच्या शेजारी बसूनच. रस्त्यात चर्च दिसलं की स्टिअरिंग सोडून छातीवर क्रूस काढायची आमच्याकडे सगळ्यांनाच खोड. मास्तर ठणकावत, "देवाची आठवण काढायची तर गाडी बाजूला घे. नाहीतर तो समोरूनच भेटायला येईल." मोबाइल आले तेव्हा त्यांनी ऑफिसात चीजचा रिकामा डबा मांडला. शिकणाऱ्याने आधी फोन त्यात टाकायचा, मगच किल्ली मागायची.

त्यांचा सगळ्यात गुणी विद्यार्थी म्हणजे त्यांचाच एकुलता एक मुलगा, आर्गिरिस. तो लामियाला नोकरी करायचा आणि दर रविवारी घाट चढून जेवायला घरी यायचा. तो वाटेत असताना त्याची आई पोलिक्सेनी फोन करायची, "कुठवर आलास?" आमच्या आया हे विचारल्याशिवाय पानं मांडत नाहीत.

एका रविवारी आर्गिरिसने बापाची शिकवण पाळली आणि फोन वाजू दिला. तो घरी पोचेपर्यंत आईने पोलिसांना, बेकरीवाल्याला आणि पाद्रीबाबांना कामाला लावलं होतं. संध्याकाळी कॅफेत त्याची पुरती चंपी झाली. "ये रे ये, जिवंत आहेस होय? पाद्रीबाबा मयताची घंटा वाजवायलाच निघाले होते." थ्रासो मास्तरही पोट धरून हसले. म्हणाले, "उचलत जा रे बाबा. तुझ्या आईपुढे कायदा चालत नाही." तेव्हापासून आर्गिरिस फोन उचलू लागला.

आणि असाच एक फोन चालू असताना त्याची गाडी घाटातल्या वळणावरून दरीत गेली.

त्या वेळी आईचा फोन चालू होता, हे पोलिसाने मास्तरांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं. हॉस्पिटलच्या फाटकाशी पोलिक्सेनी उभी होती. तिच्याकडे जाता जाता मास्तरांनी ठरवून टाकलं, की हे हिला जन्मात कळता कामा नये. "तुझ्याशी बोलून झाल्यावर बऱ्याच वेळाने झालं," ते म्हणाले. "रस्त्यावर दरड आली होती." ती मान हलवून आत गेली. उभ्या आयुष्यात खोटं न बोललेला हा माणूस, पण ते खोटं त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. अपघाताच्या जागी आमच्याकडे बसवतात तसा छोटा लोखंडी देव्हारा त्यांनी वळणावर बसवला. आत तेलाचा दिवा आणि मुलाचा फोटो. दर शनिवारी दोघं तेल घालायला जात, आणि पोलिक्सेनी 'दरड कुठून आली' असं कधी विचारत नसे. तिने विचारलं नाही याचं मास्तरांना बरंच वाटे.

शिकवणी मात्र त्यांनी बदलली. पहिल्या दिवशी पोराबरोबर त्याची आई आलीच पाहिजे, असा नवा नियम काढला. आईला समोर बसवून ते सांगत, नजर जराशी हलली तरी गाडी किती पुढे जाते, आणि वळणावर एक हात कसा कमी पडतो. आर्गिरिसचं नाव कधी काढत नसत. पोलिक्सेनी कॉफी आणून ठेवी. बाया माना डोलवत, कॉफी पीत आणि घरी जाऊन पोरांना फोन करत.

गेल्या शरद ऋतूत एव्हान्थिया आपल्या मिर्तोला घेऊन आली. मुलीला लामियाला कॉलेजात जायचं होतं.

"मास्तर, तुमचं सगळं खरं," एव्हान्थिया म्हणाली, "पण हिने फोन उचलला नाही तर माझा जीव टांगणीला लागतो. उचलून नुसतं 'ठीक आहे' म्हणायचं. किती वेळ लागतो हो त्याला?"

"तेवढाच लागतो," दारातून पोलिक्सेनी म्हणाली.

तिने ट्रे टेबलावर ठेवला. "आर्गिरिस म्हणाला, आई, वळणावर आहे, बोल. मी विचारलं, बटाट्यांवर लिंबू आत्ताच पिळू का? काम काहीच नव्हतं गं, त्याचा आवाज ऐकायचा होता. मग तो मोठा आवाज झाला. मी किती तरी वेळ फोनमध्ये त्याला हाका मारत होते."

मास्तर उठले. "क्सेनी, ते नंतर झालं. मी तुला सांगितलं होतं ना—"

"पुरे, थ्रासो. तू सांगत होतास तेव्हा तुझे ओठ पांढरे पडले होते. म्हटलं, मला ठाऊक आहे हे कळलं तर हा उभा राहायचा नाही. म्हणून गप्प बसले."

एव्हान्थियाने मुलीचा हात घट्ट धरला, आणि 'उद्या येतो' एवढंच म्हणून दोघी गेल्या.

मास्तरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "फोन उचलत जा म्हणून मीच सांगितलं होतं त्याला," ते म्हणाले. ती 'तसं काही नाही' म्हणेल, अशी वेडी आशा त्यांच्या मनात होती.

"हो," पोलिक्सेनी म्हणाली. "आणि फोन मी केला."

ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. आजवर ती स्वयंपाकघरात रडत आली होती आणि ते गाडीत, काचा वर करून. त्या दिवशी आर्गिरिसचे आईबाप पहिल्यांदाच एकमेकांसमोर रडले.