शेवटची पानं भिजलीत

इंग्लिश कादंबऱ्यांच्या बाबतीत इथं आखातात, अख्ख्या अल कुसैसमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही. आता वाचता मला येत नाही ही गोष्ट वेगळी. ड्रायव्हिंगची लेखी परीक्षासुद्धा मी कानाला हेडफोन लावून हिंदीत ऐकून दिली, आणि तरी पहिल्या खेपेला नापास झालो.

माझं सगळं शिक्षण झालं ते स्टोरी मॅडमच्या तोंडून. मॅडम वसईच्या, हॉटेलात हाउसकीपिंगच्या सुपरवायझर. मी त्याच हॉटेलची स्टाफ बस चालवतो. सकाळी अल कुसैसहून माणसं उचलायची, जुमेरा लेक टॉवर्सच्या पुढे सोडायची. मॅडम माझ्या मागच्याच सीटवर. चष्मा नाकाच्या टोकावर, मांडीवर पुस्तक. गोरे पाहुणे पूलच्या काठाला पुस्तकं विसरून जातात. बरेच दिवस कोणी मागायला आलं नाही, की सिक्युरिटीची सही घेऊन मॅडम ती आणायच्या. पानं फुगलेली, सनक्रीमचा वास. वाचायच्या इंग्लिशमध्ये आणि सांगायच्या मराठीत, पुढच्या सीटांवरच्या आम्हा मंडळींना.

कोणी कोणाचा मुका घ्यायला आलं की मॅडम पान उलटायच्या. "इथं पान भिजलंय. पुढे."

लाँड्रीतला सलीम माझा गाववाला. तो विचारायचा, "मॅडम, बरोब्बर तिथंच कसं पाणी पडतं?"

"वाचणारे तुझ्यासारखे असतात ना. लाळ गळते."

शेवटची कादंबरी होती बेटाची. कव्हरवर पांढरी घरं, निळा समुद्र, अनवाणी पोरगी. ही पोरगी लंडनची. उन्हाळ्यापुरती त्या बेटावर एका लॉजमध्ये कामाला येते आणि तिथला एक नावाडी तिला रोज धक्क्यावरून ने-आण करतो. मी विचारलं, उन्हाळ्यात कशाला मरायला जातात तिकडे? मॅडम म्हणाल्या, "तिकडचा उन्हाळा वेगळा, रशीद. आपल्याकडे लोक एसीखाली जातात, तिकडे प्रेमात पडतात." बेटावर जैतूनच्या बागा होत्या. मॅडम सांगायच्या, "आमच्या वसईची केळीची वाडी समजा."

"नावाडी म्हणजे आपलाच माणूस," मी म्हटलं. "आपण पण दापोलीकडचे, खाऱ्या पाण्यातले."

सलीम मागून ओरडला, "ह्याला नुसतं जेट्टीवर उभं केलं तरी उलटी होते, मॅडम!"

खरं आहे. म्हणून तर बस चालवतो.

पण त्या नावाड्यानं माझी झोप घालवली. पोरीवर जीव टाकायचा, तिची बॅग उचलायचा, आणि बोलायची वेळ आली की म्हणायचा, आज वारा फार आहे. मॅडम चिडायच्या. "मनात सगळं, तोंडात मिठाची गुळणी!" एकदा तो अगदी बोलणारच, इतक्यात माझा एक्झिट सुटला आणि बस निघाली जेबेल अलीकडे. सगळ्यांची ड्युटी लेट झाली, मला वॉर्निंग मिळाली. नावाडी बोललाच नाही.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं आपापल्या संसारात. मॅडमही एकट्याच. शुक्रवारी त्यांना चर्चला सोडायचं आणि मी नमाजला जायचं, एवढाच आमचा संबंध. पण शनिवारी त्यांची सुट्टी असली की मला बस रिकामी वाटायची. माणसं खच्चून भरलेली असली तरी.

मग कळलं की कंपनी मॅडमचा व्हिसा रिन्यू करत नाही. वय झालं म्हणे. एचआरनं सांगितलं, खलास. मी आरशासमोर उभा राहून प्रॅक्टिस केली, "मॅडम, जाऊ नका." सलीम बाथरूममधून बाहेर आला. "कोणाशी बोलतोस?" मी म्हटलं, दात बघतोय. आणि बोलून तरी काय होणार होतं? इथं कोणी थांबायचं आणि कोणी जायचं, ते इमिग्रेशन ठरवतं. ड्रायव्हरला कोण विचारतो?

शेवटच्या सकाळी सगळे ओरडले, मॅडम, शेवट सांगा! पोरीची परतीची बोट धक्क्याला लागलेली, नावाडी टेकडीवर. मॅडमनी पुस्तक मिटलं. "शेवटची पानं भिजलीत. सगळीच." बस अशी हळहळली, जशी घरचीच पोरगी निघाली होती.

संध्याकाळी एअरपोर्टला सोडायला कंपनीनं मलाच पाठवलं. बसमध्ये आम्ही दोघंच. वाटेत मी फक्त ट्रकवाल्यांना शिव्या दिल्या. टर्मिनलला गाडी लावली तेव्हा त्यांनी पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

"तुला. पानं कोरडी आहेत."

"मग शेवट?"

"तो टेकडीवरून पळत येतो आणि सगळ्यांदेखत म्हणतो, नको जाऊ."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चष्माही काढला. सगळं तोंडाशी आलं होतं, अगदी ओठावर. मागून कोणीतरी हॉर्न मारला.

मी म्हटलं, "मॅडम, इथं जास्त वेळ गाडी लावू देत नाहीत."

त्यांनी चष्मा परत घातला.

"म्हणून त्याच्यावर पुस्तक लिहिलं, रशीद, आणि तू बस चालवतोस. यल्ला, चल, डिकी उघड."