पाइपावरची लाल रेघ

ती घटना विसरावी असं मला फार वाटतं, पण आजही ती पंचनाम्यासकट आठवते. तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. भर दुपारी गिरडच्या टेकडीवरून उतरणाऱ्या एका कारचे ब्रेक गेले आणि ती रस्त्याकडेला नारळ विकणाऱ्या बाईच्या अंगावर गेली. बाई जागीच गेली. कार चालवणारा हिंगणघाटच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा होता, गाड्या सजवायचा शौकीन.

पंचनामा मी स्वतः केला. पुढच्या चाकांचे ब्रेकचे रबरी पाइप काढून तिथे स्टीलच्या जाळीचे पाइप बसवले होते. टोकाचे नट ढिले होऊन ब्रेकचं तेल वाहून गेलं होतं. मी लिहिलं, 'जाळीदार पाइप, त्यावर वेटोळी लाल रेघ.' पंचांच्या सह्या घेतल्या, मुद्देमालाला लाखेचं सील मारलं. दिसेल ते लिहायचं, ही आमच्या हाताची सवय. तिला डोकं लागत नाही.

संध्याकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "अल्लीपूरचा मिस्त्री हातानं पाइप बनवते साहेब. त्यालेच धरा."

हातानं बनवलेला ब्रेकचा पाइप! मला एवढं पुरलं. मोटार वाहन निरीक्षकानेही 'गावठी बनावटीचा पाइप निकामी' असं लिहून हात झटकले. व्यापाऱ्याच्या मुलावर निष्काळजीपणाचं कलम लागलं, लगेच जामीन झाला. मिस्त्रीवर मी सदोष मनुष्यवध लावला. एकासाठी चार वजनदार फोन आले होते. दुसऱ्यासाठी फक्त त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. कायदा सगळ्यांना सारखा, हे मी पुढे शाळांतल्या भाषणांत बरेचदा सांगितलं.

मिस्त्री ट्रॅक्टर आणि जेसीबीचे तेलाचे पाइप बनवायचा. बौद्ध वस्तीतलं घर, पुढे टिनाचं शेड, आत पाइपाच्या टोकांवर दाब देणारं मशीन. दहा गावांतले लोक त्याच्याकडे यायचे. व्यापाऱ्याच्या मुलानेही कारचे पाइप त्याच्याकडूनच बसवून घेतले होते. चौकशीत तो एकच गोष्ट घोकत होता.

"पाइप म्याच बनवले साहेब, नाई म्हनून राह्यलो का? प्रेशर देऊन पाह्यले, मंगच बसवले. पन त्याच्यावरची रेघ पाहा ना."

"रेघेचं काय घेऊन बसलास? बाई मेली!"

"म्हनूनच तं म्हनतो, रेघ पाहा."

मला वाटलं, हा मला खेळवतोय. मी हात उगारला, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे मारलं. दोनदा. त्यानंतर तो रेघेचं नावही काढेना. आरोपी गप्प झाला की चौकशी चांगली झाली, असं मानणारे आम्ही लोक.

कोठडी संपून तो तुरुंगात गेला. तीन आठवड्यांनी त्याची बायको माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिने पिशवीतून हातभर जाळीचा पाइप काढला. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ लाल रेघ होती.

"आमच्या घरचे पाइप बनवला का अशी रेघ मारतेत," ती म्हणाली. मग एक टोक टेबलावर दाबून धरून तिने दुसरं पिळलं. रेघ पाइपाभोवती वेटोळी झाली. "बसोताना पिळला का रेघ सांगते. तेलाचा जोर आला का असा पाइप सरळ व्हाले पाह्यते, अन् नट ढिल्ला करते. यायनं बसवला तवा रेघ सरळ होती. आता वेटोळी असन, तं मंग तो खोलला कोनं?"

मी फाइल उघडली. 'वेटोळी लाल रेघ.' अक्षर माझंच होतं.

पुढचं काम दहा मिनिटांचं. व्यापाऱ्याच्या मुलाला बोलावलं, तो लगेच फुटला. गाडी बुटकी दिसावी म्हणून त्याने घरच्या अंगणात नव्या स्प्रिंगा टाकल्या होत्या. त्यासाठी पाइप खोलले आणि मोबाइलवर बघून परत बसवले. या कामाला दोन पाने लागतात, एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने नट आवळायचा. पठ्ठ्याने एकाच पान्यावर भागवलं. त्या संध्याकाळी नाव न सांगता फोन करणारा त्याचाच काका निघाला.

मिस्त्री सुटला. आमच्या कागदावर कारण होतं, 'पुरेसा पुरावा आढळून आला नाही.' ही आमची ठरलेली भाषा. गावाने तिचा अर्थ लावला, केलं यानंच, पण वाचला. त्याच्या शेडपुढे ट्रॅक्टर थांबेनासे झाले. दोन महिन्यांनी तो ठाण्यात आला.

"साहेब, एक कागद द्या. याची चूक नव्हती, एवढंच लिवा. शिक्का मारा. दुकानात लावतो."

"असा कागद नसतो रे."

"धराचा असते, सोडाचा असते. हा काऊन नसते?"

मी चहा मागवला. तो न पिता निघून गेला. पुढे त्याने मशीन विकलं. आता तो दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढतो.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. कारागिराचं ऐकावं, असं काहीतरी मी सांगून टाकतो. खरं तर मला तेव्हाही नीट ऐकू आलं होतं. पण त्याच्यासाठी फोन करणारं कोणी नव्हतं, म्हणून ऐकायची गरज वाटली नाही. याची मला लाज वाटते. त्याने मागितलेला कागद मी आज लिहितो आहे: त्याची चूक नव्हती. पण आठवणींत कुणाचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून यात त्याचं नाव नाही, आणि निवृत्तीनंतर शिक्का मारायचा अधिकार आता मला नाही. हा कागद त्याच्या दुकानात लावण्यासारखा नाही. आणि दुकानही आता राहिलेलं नाही.