सगळे प्लेगने मेले नव्हते

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ब्रिस्टलला आर्किऑलॉजी शिकतो, लेखक नाही. पण राग गेलेला नाही, म्हणून लिहायचं धाडस करतोय.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, माझ्यासमोर होतं आणि त्यावर छापलं होतं: ‘प्लेग आला. कोणीच वाचलं नाही.’ वर कवटी. सोबत स्पीकरमधून खोकण्याचा आवाज येणार होता.

मी एका डिझाइन फर्ममध्ये कॉलेजच्या प्लेसमेंटवर, म्हणजे शिकाऊ कामाला होतो. फर्म म्युझियमसाठी पॅनेल बनवते, म्हणजे माहितीचे फलक. हे काम जर्मनीतल्या एका छोट्या म्युझियमचं होतं. तिथल्या रानात मध्ययुगात ओस पडलेलं गाव आहे: चर्चची एक भिंत, विहीर, गवताखाली घरांचे चौथरे. गाव का सुटलं, ते मी लिहून दिलं होतं. धान्याचे भाव पडले. शेजारच्या शहराला तटबंदी होती, हक्क जास्त होते. एकेक घर तिकडे गेलं. पण शेतं कोणी सोडली नाहीत. शहरातून येऊन तीच माणसं तीच जमीन कसत राहिली. ओस गावातल्या चर्चचं छप्परही पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त करत राहिली.

माझ्या मॅनेजर नेहाताई मूळच्या पुण्याच्या.

“ताई, तिथे प्लेगचा पुरावाच नाही.”

“आला नव्हता याचा तरी आहे का?”

“मेलेली माणसं छप्पर कशी दुरुस्त करतील?”

“अरे बाळा, ‘लोकांनी घर बदललं’ हे वाचायला कोण येणार? मी बेसिंगस्टोकहून ब्रिस्टलला शिफ्ट झाले. माझं म्युझियम काढलं का कोणी?”

हे त्यांनी इंग्रजीतही मोठ्याने सांगितलं. सगळं ऑफिस हसलं. माझे मात्र कान तापले. ज्यांनी विचार करून, जमीन न सोडता घर हलवलं, त्यांना आपण दोन वाक्यांत मारून टाकलं होतं!

“मग पॅनेलवर रिसर्चखाली माझं नाव नको.”

“तुझा रेफरन्स मीच लिहिणार आहे, लक्षात आहे ना?”

“आहे. तरी नको.”

नाव निघालं. कवटी राहिली. रेफरन्समध्ये, म्हणजे शिफारसपत्रात, एवढंच आलं की मी वेळेवर येतो. धडा कोरडाच आहे: एखादं गाव मेलं असं लिहिण्याआधी आसपास कोण राहतं ते विचारावं.

परवा त्या जर्मन म्युझियमच्या क्युरेटरबाईंचा फोन आला. त्यांच्या डिरेक्टरने प्रूफ पास केलं होतं. उद्घाटनाला त्याच शेजारच्या शहरातली जुनी शेतकरी कुटुंबं आली. एका आजींनी पॅनेल वाचलं, खोकणं ऐकलं आणि डिरेक्टरला विचारलं, “सगळे मेले, तर आम्ही कोण?”

पॅनेल त्याच संध्याकाळी उतरवलं.